किंगरीचा शोध : सुरुवात कोशापासून

प्रयोग कसा करावा हे तुम्हाला शाळेत शिकवतात. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असा त्याचा क्रम तुम्हाला पाठ असेल. पण समजा, तुमच्या मनात एखाद्या वाद्याविषयी प्रश्न आला, तर काय कराल? हे वाद्य किती जुने असेल? त्याला हे नाव कोठून मिळाले? एवढ्याशा तारेतून इतका मोठा सूर कसा निघतो? असे प्रश्न पुष्कळांना पडतात. मात्र त्यांचा शोध घ्यायला सुरुवात कोठून करावी हे ठाऊक नसल्यामुळे ते मनातच राहून जातात.

संगीतातही संशोधन करता येते आणि त्याची पहिली पायरी फार अवघड नाही. ही पायरी म्हणजे संदर्भग्रंथ. शब्दकोश, विश्वकोश, गॅझेटियर, सूची ही सारी संदर्भग्रंथांच्या घरातली मंडळी. हे ग्रंथ कोणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत नाही. हवी ती नोंद काढायची, वाचायची आणि पुढे जायचे.

यातले 'पुढे जायचे' हेच महत्त्वाचे आहे. गोंदिया हे जंक्शन आहे, हे तुम्ही जाणताच. येथून एक मार्ग नागपूरला, एक दुर्ग-रायपूरला, एक बालाघाटवरून जबलपूरला आणि एक बल्लारशाकडे जातो. जंक्शनवर उतरलेला प्रवासी तेथेच मुक्काम ठोकीत नाही, योग्य गाडी पकडतो. कोशातील नोंदही अशीच असते. बहुतेक विद्यार्थी नोंद उतरवून घेतात आणि संशोधन संपले असे समजतात. खरे म्हणजे ते तेथून सुरू होते.

हे कसे, ते एका खऱ्या उदाहरणाने पाहू.

एक वाद्य निवडू या

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकशाजवळच्या डोंगरात कचारगड नावाच्या प्रचंड गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तेथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते आणि अनेक राज्यांतून लोक येतात. या गुहेत पूर्वजांची मुले कोंडली गेली होती, पहांदी पारी कुपार लिंगो यांनी त्यांची सुटका केली आणि त्या कामी हिरासुका पाटालीर या संगीतकाराच्या किंगरीच्या सुरांनी मुलांना बळ दिले, अशी कथा तेथे सांगितली जाते.

किंगरी हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य. परधान हे गोंड समाजाचे परंपरेने चालत आलेले गायक आणि कथेकरी. पूर्वजांच्या कथा आणि वंशावळ्या या वाद्याच्या साथीने गाणे हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. लाकडाचा किंवा करवंटीसारखा पोकळ कटोरा, त्यावर ताणलेले कातडे, एक दांडी आणि घोड्याच्या केसांच्या तारा, असे त्याचे साधे रूप असते.

आता प्रश्न ठरवू. संशोधनात प्रश्न जितका नेमका तितके काम सोपे. 'किंगरीची माहिती' हा प्रश्न नव्हे, तो निबंधाचा विषय झाला. आपण असे विचारू : किंगरीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख आपल्याला कोठे सापडतो आणि त्या उल्लेखातले वाद्य आजच्या किंगरीसारखेच आहे का? हा प्रश्न एका कोऱ्या कार्डावर लिहून ठेवा. कोश उघडण्यापूर्वी प्रश्न लिहिला नाही तर कोशातली दुसरीच मनोरंजक नोंद वाचण्यात दुपार निघून जाते!

पहिली पायरी : शब्द आणि त्याची रूपे

प्रथम शब्दकोश पाहावा. मराठीत मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आहे. त्याची पहिली आवृत्ती १८३१ सालची व वाढवलेली दुसरी १८५७ सालची. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' सात विभागांत १९३२ ते १९३८ या काळात निघाला. एकच शब्द या दोन्हींत पाहिला म्हणजे शंभर वर्षांत त्याचा अर्थ बदलला की काय, हे कळते.

पण एक अडचण येते. वाद्याचे नाव गावागणिक बदलते. किंगरी, किंगडी, किंदरी, किकरी ही एकाच नावाची रूपे आहेत. मंडल्याकडचे परधान आपल्या याच जातीच्या वाद्याला 'बाना' म्हणतात. शामराव हिवाळे यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर १९४६ साली इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात बाना भेटतो. म्हणजे 'किंगरी' एवढा एकच शब्द शोधणारा विद्यार्थी त्या पुस्तकाजवळून नुसताच निघून जाईल. म्हणून शब्दाची सर्व रूपे आधी एका कार्डावर लिहून काढा आणि प्रत्येक कोशात ती सर्व पाहा.

याच्या उलट फसगतही होते. नाव सारखे, पण वस्तू निराळी! शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' हा तेराव्या शतकातील थोर संस्कृत ग्रंथ. तो आपल्याच महाराष्ट्रात, देवगिरीच्या यादवराजा सिंघणाच्या आश्रयाने लिहिला गेला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य व नृत्य असे त्याचे सात अध्याय आहेत. त्यातल्या वाद्याध्यायात 'किन्नरी' नावाची वीणा येते. 'किन्नरी' आणि 'किंगरी', कानाला किती जवळचे वाटते! झाले, सापडला सातशे वर्षांपूर्वीचा उल्लेख, असे म्हणून आपण उडी मारू लागतो.

थांबा. वर्णन वाचा. किन्नरी ही बोटांनी छेडायची वीणा आहे. तिच्या दांडीवर पडदे बसवलेले असतात आणि दांडीखाली भोपळे असतात. आजच्या किंगरीला पडदे नाहीत आणि ती गजाने वाजवतात. नावाचे नाते असू शकेल, पण नाव सारखे म्हणून वाद्य सारखे असे म्हणता येत नाही. कार्डावर दोन स्वतंत्र नोंदी करा : 'नाव' आणि 'रचना'.

दुसरी पायरी : ज्ञानकोश आणि विश्वकोश

शब्दाचा अर्थ कळला की विषयाचा आवाका समजून घ्यायचा. त्यासाठी विश्वकोश. या बाबतीत मराठी वाचक भाग्यवान आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड १९२० ते १९२९ या काळात पुरे केले. या कामाची सुरुवात १९१६ साली आपल्या विदर्भात, नागपुरात झाली आणि पुढे ते पुण्याला गेले. पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या 'भारतीय संस्कृतिकोशा'चे दहा खंड आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून निघालेल्या 'मराठी विश्वकोशा'चा पहिला खंड १९७६ साली आला. हा विश्वकोश आज संगणकावर आणि मोबाईलवरही विनामूल्य वाचता येतो.

विश्वकोशाची नोंद वाचताना चार गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, नोंदीचा लेखक कोण? नाव नोंदीच्या शेवटी असते. दुसरी, खंड कोणत्या साली निघाला? तिसरी, मजकुरात 'पहा' असे सांगून कोणत्या दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवले आहे? चौथी आणि सर्वांत मोलाची, शेवटी 'संदर्भ' म्हणून कोणती पुस्तके दिली आहेत? घाईत आपण हीच ओळ सोडून देतो. वास्तविक जंक्शनवरून सुटणाऱ्या गाड्यांची पाटी हीच.

प्रत्येक प्रश्नाला प्रत्येक ग्रंथ चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' चार भागांत आहे आणि रागांच्या अभ्यासाला तिच्यावाचून गत्यंतर नाही. पण किंगरी तेथे शोधणे म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात घातांक शोधण्यासारखे आहे. लोकसंगीताकडे कोणत्या दृष्टीने पाहावे हे समजण्यासाठी अशोक रानडे यांचे 'लोकसंगीतशास्त्र' हे १९७५ सालचे पुस्तक अधिक उपयोगी पडेल.

आणि कोशात नोंद सापडलीच नाही तर? निराश होऊ नका. 'अमुक कोशात, अमुक साली, ही नोंद नाही' हेही कार्डावर लिहा. ज्याची नोंद कोणी केली नाही, ती करण्याचे काम तुमच्यासाठी शिल्लक आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

तिसरी पायरी : जागा कोणत्या नावाखाली आहे?

आता गावाकडे वळू. जिल्ह्याची माहिती गॅझेटियरमध्ये असते. पण जुन्या गॅझेटियरमध्ये 'गोंदिया जिल्हा' शोधाल तर तो मिळणार नाही. कारण हा जिल्हा भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. १९०८ साली रसेल यांनी संपादित केलेले गॅझेटियर आहे ते भंडारा जिल्ह्याचे. त्या काळी भंडाऱ्याला भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या व गोंदिया हे तिरोडा तहसिलीतले एक गाव होते.

राज्याचे नावही बदलत गेले. ब्रिटिश काळात आपण मध्य प्रांतात होतो. १९५६ साली हा भाग मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. म्हणून जुन्या सूचीत 'महाराष्ट्र' या शब्दाखाली आपला भाग सापडत नाही. तो 'मध्य प्रांत' या नावाखाली असतो. संशोधकाला इतिहासाची एवढी उजळणी करावीच लागते.

मध्य प्रांत हा शब्द हाती लागला की एक मोठा ग्रंथ समोर येतो. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर लिहिलेला हा चार खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात 'गोंड' आणि 'परधान' या स्वतंत्र नोंदी आहेत. स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे हे खंड आज कोणालाही फुकट वाचता येतात.

हा ग्रंथ वाचताना एक सावधगिरी हवी. तो राज्यकर्त्यांच्या नोकरीतील माणसांनी लिहिला आहे. त्यात माहिती भरपूर आहे. पण ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना कमी लेखणारी वाक्येही जागोजागी आहेत. तुमच्यापैकी काही जण याच समाजांतले असाल. तुम्हाला ती वाक्ये वाचून राग आला तर तो रास्तच आहे. निरीक्षण कोठे संपते आणि लेखकाचे मत कोठे सुरू होते, ही रेघ पेन्सिलीने आपल्या कार्डावर मारायला शिका. 'वाद्याला अमुक इतक्या तारा असतात' हे निरीक्षण झाले. 'हे लोक अशा स्वभावाचे असतात' हे मत झाले. पहिले तपासता येते. दुसरे लिहिणाऱ्याविषयीच अधिक सांगते.

चौथी पायरी : मुळापर्यंत जाणे

रसेल-हिरालाल यांनी लिंगोची कथा दिली आहे. ती त्यांनी कोठून घेतली? ते स्वतःच सांगतात, की हिस्लॉपकडून. स्टीफन हिस्लॉप हे नागपूरला राहिलेले स्कॉटिश मिशनरी. भूगर्भशास्त्राचाही त्यांना नाद होता आणि नागपूरच्या परिसरातले जीवाश्म त्यांनी गोळा केले. एका परधानाच्या तोंडून ऐकून त्यांनी लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. १८६३ साली त्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ साली छापली. त्यात मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत आणि सोबत इंग्रजी भाषांतर असे दोन्ही आहे.

येथे पुराव्याचा एक महत्त्वाचा नियम शिकण्यासारखा आहे. हीच कथा फॉर्सिथ यांच्या १८७१ च्या पुस्तकात आहे आणि १९१६ च्या रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथातही आहे. घाईने मोजणारा म्हणेल, 'तीन ग्रंथांचा पुरावा मिळाला!' पण नंतरचे दोघे पहिल्यावरच उभे आहेत. म्हणजे साक्षीदार एकच. एकाच चुकीच्या फूटपट्टीने तुम्ही लांबी तीनदा मोजलीत तर तीन वाचने जुळतात, पण ती खरी ठरत नाहीत. कोशाकोशांतून एकच माहिती दिसली की 'या साऱ्यांचे मूळ एकच तर नाही ना?' असे विचारायची सवय लावून घ्या.

मूळ गाठल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. छापील गीतात गोंडांना कोंडल्याची गुहा धवलगिरीकडे आहे आणि त्यातून निसटलेले चौघे काचिकोपा लोहगड या ठिकाणी राहिले असे येते. कचारगडला सांगतात त्या कथेत मात्र गुहा येथलीच आहे. मग खरे कोणते? हा प्रश्नच येथे गैरलागू आहे. मौखिक कथेला अनेक पाठ असतात. एक पाठ १८६६ साली छापला गेला म्हणून बाकीचे चुकीचे ठरत नाहीत. संशोधकाने प्रत्येक पाठाला त्याचे साल, ठिकाण आणि सांगणारा जोडून ठेवावा, एवढेच.

अकरांचे कोडे

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी आलो. हिस्लॉपच्या गीतात लिंगो स्वतः वाद्य तयार करतो. तो भोपळा घेतो, त्याला भोक पाडून बांबूची काठी बसवतो, आपल्या डोक्याचे दोन केस तारा म्हणून लावतो, गज करतो आणि काठीवर अकरा 'कीज' बसवतो. त्या वाद्याच्या नादाने रिकाड गवडी नावाचा राक्षससुद्धा नाचू लागतो.

केसांच्या तारा आणि गज या दोन्ही गोष्टी आजच्या किंगरीशी जुळतात. पण या अकरा 'कीज' म्हणजे काय? भाषांतरातल्या या इंग्रजी शब्दाचा अर्थ खुंट्या असू शकेल किंवा पडदे असू शकेल. दोनच तारांना अकरा खुंट्या कशाला हव्यात? तेव्हा पडदे असावेत, असा तर्क करता येतो.

आता गणित करून पाहा. मोकळी तार हा षड्ज धरला, तर त्यापुढे कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग, म, तीव्र म, प, कोमल ध, शुद्ध ध, कोमल नी, शुद्ध नी. मोजा बरे किती झाले? बरोबर अकरा! मोकळी तार आणि अकरा पडदे मिळून सप्तकाचे बारा स्वर होतात. अंगावर रोमांच उभे राहावेत असा हा मेळ आहे. लिंगोच्या वाद्यात बारा स्वर होते, असे लगेच लिहून टाकावेसे वाटते.

पण हीच जागा धोक्याची आहे. एक आकडा जुळला म्हणून सिद्धान्त सिद्ध होत नाही. अकरा ही संख्या गीतात केवळ लयीसाठी किंवा परंपरेने आलेली असू शकेल. 'कीज' हा भाषांतरकाराने आपल्या परिचयातला निवडलेला शब्द असू शकेल. शिवाय पडदे असले तरी ते समान अंतराच्या स्वरांवरच बसवले होते, असे गीत कोठेही सांगत नाही. गीत म्हणजे मोजमापाची वही नव्हे. म्हणून कार्डावर आपण एवढेच लिहू : '१८६६ च्या छापील पाठात केसांच्या तारा, गज आणि अकरा कीज आहेत. कीज म्हणजे पडदे की आणखी काही, हे मूळ गोंडी शब्दावरून तपासायचे.'

आणि आता खरी गंमत पाहा. तो मूळ गोंडी शब्द छापील पानावर आहे. तो तपासायला लंडनच्या ग्रंथालयात जायला नको. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत ज्यांच्या घरी गोंडी बोलली जाते, त्या विद्यार्थ्याची आजी या बाबतीत बड्या कोशकारापेक्षा अधिक सांगू शकेल. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी छापलेला तो शब्द तिला वाचून दाखवा. 'असा शब्द आपण कशाला म्हणतो?' असे विचारा. तिचे उत्तर हे नवे साधन ठरेल.

पाचवी पायरी : वाद्याचे जगातले स्थान

नाव फसवते, हे आपण किन्नरीच्या बाबतीत पाहिले. मग निरनिराळ्या देशांतल्या वाद्यांची तुलना कशी करायची? त्यासाठी नावावर नव्हे, तर रचनेवर आधारलेले वर्गीकरण लागते. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत : तत म्हणजे तारांची, सुषिर म्हणजे फुंकीची, अवनद्ध म्हणजे कातडे मढवलेली आणि घन म्हणजे आघाताने स्वतःच नादणारी. बंगालचे शौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ साली बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संच भेट दिला. तो ब्रुसेल्सच्या संग्रहालयात गेला. तेथील माहिलाँ यांनी वाद्यांची सूची करताना हीच चौकट वापरली. तिच्यावर आधारून होर्नबोस्टेल आणि झाक्स या विद्वानांनी १९१४ साली दशांश-क्रमांकांची पद्धत बसवली. जगातील वाद्यसंग्रहालये आजही ती वापरतात.

या पद्धतीत दांडीला भोपळे लावलेल्या वीणेचा क्रमांक ३११.२२ ने सुरू होतो. कटोऱ्यातून दांडी आरपार गेलेल्या वाद्याचा क्रमांक ३२१.३१ ने सुरू होतो आणि ते गजाने वाजत असेल तर शेवटी ७१ जोडतात. आता किन्नरी आणि किंगरी एका दृष्टिक्षेपात वेगळ्या पडल्या की नाही? पण किंगरीला कोणता क्रमांक द्यायचा हे ठरवण्यासाठी तुम्हाला दांडी खरोखर आरपार गेली आहे का, हे पाहावे लागेल. वर्गीकरण आपल्याला नीट पाहायला लावते, हा त्याचा मोठा फायदा.

सहावी पायरी : नादाचे शास्त्र

किंगरी वाजते कशी, हा भाग भौतिकशास्त्राचा. गजाचे केस राळ लावलेले असतात. ते तारेला धरतात आणि आपल्याबरोबर ओढत नेतात. तारेचा ताण वाढता वाढता घर्षणावर मात करतो आणि तार सटकून मागे येते. लगेच गज तिला पुन्हा धरतो. तारेची कंप्रता सेकंदाला २५६ असेल तर हे धरणे आणि सटकणे एका सेकंदात २५६ वेळा होते! एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने अशा तारेची हालचाल सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने प्रथम उलगडून दाखवली.

त्यापुढचा अभ्यास करणाऱ्यांत आपले चंद्रशेखर वेंकट रामन होते. सरकारच्या हिशेब खात्यातील नोकरीच्या काळात, १९१० च्या सुमारास, ते काही दिवस नागपूरलाही होते. गजाने वाजणाऱ्या तारांवरचा त्यांचा मोठा प्रबंध १९१८ सालचा. पुढे जर्मनीत पदार्थविज्ञानाचा एक अनेक खंडांचा संदर्भग्रंथ निघाला. त्याच्या ध्वनिशास्त्राच्या १९२७ सालच्या खंडात वाद्यांवरचे प्रकरण लिहिण्यासाठी रामन यांना पाचारण करण्यात आले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. कोशातली नोंद कोण लिहितो? ज्याने त्या विषयावर स्वतः हात चालवला आहे तो. संदर्भग्रंथ वाचणारा विद्यार्थी उद्या त्यात भर घालणारा होऊ शकतो, ते असे.

कोशाच्या पलीकडे

एवढी कार्डे जमली की कोश मिटायचे आणि वादकाकडे जायचे. किंगरी वाजवणारे परधान आता थोडे उरले आहेत. वाजवणारा गेला की वाद्य भिंतीला टांगले जाते. मग त्याच्या तारा कशा लावत असत, हे कोणताही कोश सांगू शकत नाही. छापील ग्रंथ थांबतील, आपण मात्र हयात वादकाकडे जायला उशीर करू नये.

पण रिकाम्या हाताने गेलात तर 'हे वाद्य किती जुने?' यापलीकडे तुम्हाला काही विचारता येणार नाही. कार्डे घेऊन गेलात तर विचाराल : तारा किती, कशाच्या? राळ कोणत्या झाडाची? दांडी आरपार आहे का? पडदे कधी असत, असे वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे का? परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करा. दिनांक, गाव आणि वादकाला चालत असेल तर त्याचे नाव लिहा. वाद्य पवित्र मानले जाते. तेव्हा हात लावण्यापूर्वी विचारा. झालेल्या नोंदीची एक प्रत वादकाला द्यायला विसरू नका.

पुढे अधिक अभ्यास करावासा वाटला तर गोंदियाहून फार दूर जायला नको. शेजारच्या छत्तीसगडमध्ये खैरागड येथे १९५६ साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. संगीत आणि कलांसाठीच असलेले विद्यापीठ इतक्या जवळ असणे, हे भाग्य फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला येते.

करून पाहा

१. पोस्टकार्डाच्या आकाराची दहा कोरी कार्डे घ्या. प्रत्येक कार्डावर पाच रकाने करा : ग्रंथ व पान, साल, लिहिणारा कोण, काय म्हटले आहे, ते कशावरून म्हटले आहे. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर त्या कार्डावर प्रश्नचिन्ह काढा.

२. आपल्या गावातील एक वाद्य निवडा. दंडारीतली ढोलकी, भजनातील वीणा, काहीही चालेल. त्याच्या नावाची जितकी रूपे ऐकू येतील तितकी गोळा करा. नंतर एक शब्दकोश, एक विश्वकोश आणि एक गॅझेटियर अशा तिन्हींत ती शोधा.

३. फळीवर ६० सेंटिमीटर लांबीची तार ताणून बसवा. मोकळ्या तारेला षड्ज माना. तार ४५ सेंटिमीटरवर दाबली की मध्यम, ४० वर पंचम आणि ३० वर तारषड्ज मिळतो का, ते कानाने तपासा. मग ६० चे या संख्यांशी गुणोत्तर काढा. ४:३, ३:२ आणि २:१ ही गुणोत्तरे मिळतील. एखाद्या ग्रंथात पडद्यांची मापे दिली असतील, तर ती खरी की कल्पित, हे याच रीतीने पारखता येते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गातील प्रत्येकाने एकेका वाद्याची कार्डे केली तर वर्षअखेर चाळीस-पन्नास वाद्यांच्या नोंदी तयार होतील. त्या अकारविल्हे लावा, वर शाळेचे नाव आणि साल घाला आणि शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला शोधाची सुरुवात करायला तो एक संदर्भग्रंथच होईल.